वाळूचा घाट निघायच्या आधी विहीर मोजा

नदीतल्या वाळू उपशामुळं विहिरी उतरल्या म्हणून आम्ही सरकारी कचेरीत अर्ज घेऊन गेलो. आमच्या गावचे नाना साहेबांसमोर उभे राहिले अन् म्हणाले, "पानी खाले गये (पाणी खाली गेलं), साहेब." साहेबांनी विचारलं, "किती?" आम्ही अकरा जण गेलो होतो, एकालाही सांगता आलं नाही. अर्ज घेतला, शिक्का मारला, आम्ही चहा पिऊन परत.

आमच्यात सगळ्यात जास्त लाज मला वाटली. मी गिरणा नदीकाठी, जळगाव जिल्ह्यातल्या भडगाव तालुक्यात विहिरीतल्या मोटारी काढतो-टाकतो. कोणाच्या विहिरीत दहा फुटी पाइप किती लागतात हे मला पाठ असतं. काठावरच्या ज्या विहिरींना 4 पाइप पुरायचे, त्यांना आता 7 लागतात. पण हे लिहून कुठं ठेवलं होतं? (पाणी खाली गेलं की माझा धंदा वाढतो, हेही सांगून टाकतो.)

तर तुमच्या गावाजवळ घाट, म्हणजे वाळू उपशाचा नदीतला पट्टा, निघणार असेल, किंवा निघाला असेल, तर आधी वही घ्या.

पाच विहिरी निवडा. तीन नदीलगतच्या, दोन लांबच्या, शिवाराच्या दुसऱ्या टोकाच्या. लांबच्या दोन विसरू नका. पाऊस कमी झाला तर पाचही खाली जातील. फक्त काठच्या तीन खाली गेल्या तर कारण नदीत आहे, अन् समोरच्याला "दुष्काळ आहे हो" म्हणून सुटता येत नाही.

दोरीला जड नट बांधा, दर फुटाला गाठ मारा. विहिरीच्या काठावर रंगानं एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच पाण्यापर्यंत मोजा. मोटार चालू असताना किंवा नुकतीच बंद केल्यावर मोजू नका. रात्रीची लाइट असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, लाइट यायच्या आधी मोजा. सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, तेच महिने आपणही धरायचे, म्हणजे आकडे शेजारी ठेवता येतात. आणि गिरणा धरणाचं आवर्तन (धरणातून सोडलेलं पाणी) सुटलं की तारीख लिहा. आवर्तन आलं की काठच्या विहिरी चढतात, ती चढ खरी समजली तर सगळी वही फुकट.

विहीर का उतरते हे पोरांना असं सांगतो: वाळू ही नदीची टाकी. पुराचं पाणी तिच्यात मुरतं आणि हळूहळू बाजूला झिरपतं. टाकीच उचलून नेली आणि पात्र खोल गेलं, की आधी नदी विहिरीला पाणी द्यायची, आता विहीर नदीला देते. म्हणूनच नियमात आहे की उपशाला पाण्याची पातळी लागली की त्याखाली जायचं नाही. पात्राची खोली पाहायला पुलाच्या किंवा केटी (कोल्हापुरी) बंधाऱ्याच्या खांबावर वाळूच्या पातळीला रंगाची रेघ ओढा, दर वर्षी पूर ओसरल्यावर तिथून फोटो काढा.

वाहनं मोजायची ती दिवसा, आपल्या ओट्यावरून. रात्री पात्रात एकटं जाऊ नका, वाळूवाल्यांशी वाद तर नकोच. ट्रॅक्टर-ट्रॉलीत साधारण 1 ब्रास, म्हणजे 100 घनफूट. खेपा गुणिले ब्रास.

दुसऱ्या पानावर दोन रकाने पाडा: गावाला काय आलं, काय गेलं. इथं खोटं लिहू नका. माझा पुतण्या दोन वर्षं ट्रॅक्टरवर होता, घरात रोख यायची, लग्नही त्यातच झालं. ते आलेल्यात लिहा. गेलेल्यात खचलेला शाळेचा रस्ता, वाढलेले पाइप, पात्रातले खड्डे ज्यात पोरं पोहायला उतरतात, कर्जावर घेतलेला अन् जप्त झालेला ट्रॅक्टर, दोन भावकींत पडलेलं भांडण. भांडणाचा आकडा निघत नाही, तरी लिहा.

आता कागद. घाट आणि त्यांतली वाळू जिल्हा सर्वेक्षण अहवालात धरलेली असते. या अहवालाचा मसुदा 21 दिवस जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आणि जिल्हाधिकारी कार्यालयात हरकतींसाठी ठेवतात. आपली वही चालते ती इथंच, घाट निघायच्या आधी. नंतर नुसती धावपळ. घाटाच्या पर्यावरण मंजुरीची प्रत आणि अटी माहितीच्या अधिकारात मागा: 10 रुपये, 30 दिवस. 5 हेक्टरांपेक्षा लहान पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागते, सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये तसं सांगितलंय. "लहान आहे, लागत नाही" असं कोणी म्हटलं तर लिहून द्या म्हणा, देत नाहीत. नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावकडं, पेसा क्षेत्रात (आदिवासी भागाला ग्रामसभेचे जादा अधिकार देणारा कायदा), वाळूसारख्या गौण खनिजाच्या पट्ट्याला ग्रामसभेची शिफारस आधी लागते. तिथल्या लोकांच्या हातात आमच्यापेक्षा जास्त आहे.

विनापरवाना उपसा असेल तर तलाठ्याकडं पंचनामा मागा. जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या 5 पटींपर्यंत दंड आहे. पंचनाम्यावर खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली घालायला लावा, नुसतं "उत्खनन आढळले" नको. हरित लवादात (पर्यावरणाच्या वादांचं न्यायालय) जायचं तर वाद उभा राहिल्यापासून 6 महिन्यांत, म्हणून पहिली तारीख वहीत ठळक करा.

आम्ही दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा साहेबांनी परत विचारलं, "किती?" नानांनी वही उघडून ठेवली. साहेबांनी पानं चाळली आणि लांबच्या दोन विहिरींवर बोट ठेवलं. मग त्यांनी शिपायाला खुर्ची आणायला सांगितलं.

दोरी नायलॉनची घ्या. सुतळी भिजली की आखडते, अन् गाठी सरकतात.