आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर सीईएचा रिपोर्ट हातात आला की या चुका टाळा

बाबांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं त्याआधीच आमची चूक होऊन गेली होती, धावपळीत सीईएची (कॅन्सरच्या बऱ्याच गाठी रक्तात सोडतात त्या प्रोटीनची, म्हणजे कॅन्सरच्या एका 'मार्कर'ची) रक्ततपासणी राहूनच गेली. नंतर ३.८ आलं, ५ च्या आत म्हणून आम्ही खूश, तर डॉक्टर म्हणाले आधीचा आकडाच नाही मग हा कशाशी ताडून बघू? आणि ते खरंच आहे, कारण काही गाठी सीईए सोडतच नाहीत, त्यांचा रोग परत आला तरी रिपोर्ट नॉर्मलच दिसू शकतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी आठवणीने करून घ्या.

ऑपरेशन झाल्यावर लगेच आठवड्याभरात टेस्ट करू नका, सीईए रक्तातून हळूहळू उतरतं, त्याला ४ ते ६ आठवडे द्या. आधी वाढलेलं होतं आणि नंतर खाली आलं तर धीर धरायला जागा आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगचा २०१८ सालचा अभ्यास आहे, त्यात अशा पेशंटचं पुढचं चित्र आधीपासून नॉर्मल असलेल्यांसारखंच निघालं, त्रास जास्त होता तो ऑपरेशननंतरही आकडा वरच राहिला त्यांना.

पण एकदा वाढलं म्हणून रात्र रात्र जागू नका हो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं मुळातच थोडं जास्त असतं, लिव्हरचा आजार असला, आतड्याला सूज असली तरी वाढतं, ऑक्झालिप्लॅटिनची केमो चालू असताना पण काही दिवस वर जातं. परत टेस्ट करायची, शक्यतो त्याच लॅबमध्ये कारण प्रत्येकाची मशीन आणि किट वेगळी, आणि चढतच राहिलं तर मग डॉक्टर सीटी स्कॅन सांगतील.

सीए १९-९ नावाचा रक्तातला दुसरा मार्कर असतो, त्याचं तर अजून अवघड, काही लोकांच्या शरीरात ते जन्मतःच बनत नाही आणि कावीळ झाली की उगाच वाढतं.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते एका आकड्यावरून "किती वर्षं आहेत" हे घरात ठरवून टाकतात त्याचं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीच्या बायोप्सीचा मोठा रिपोर्ट काढा, स्टेज कोणती, लिम्फ नोड (आतड्याजवळच्या लसिका ग्रंथी) किती तपासले (निदान १२ तरी हवेत), किती बाधित निघाले, एमएसआय (गाठीच्या पेशींच्या डीएनएतला एक बिघाड बघायची तपासणी) केलंय का, हे सगळं डॉक्टरांना विचारा. मार्कर त्याच्या जोडीला.

आणि सीईए नॉर्मल आहे म्हणून वर्षाने करायची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) टाळू नका. सीईए पहिली २ वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी, पुढे ५ वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, आम्ही बाबांच्या तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवल्यात.