एका शीटवरचा स्लॉट कार ट्रॅक: मुलांसोबत घरच्या घरी कसा बांधावा

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमधल्या अरुंद खाचेत पुढची जीभ अडकवून धावणारी छोटी विजेची गाडी. खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या पट्ट्या असतात, त्यांतून गाडीच्या मोटारीला वीज मिळते आणि हातातल्या कंट्रोलरने तिचा वेग कमी-जास्त करता येतो. गाडी वळवण्याचे काम खाच करते, त्यामुळे खेळणाऱ्याच्या हाती फक्त वेग उरतो, आणि वळणाआधी तो किती सोडावा हे ओळखण्यातच या खेळाची सगळी गंमत आहे. इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी 1957 साली स्केलेक्स्ट्रिक नावाने असे संच आणले आणि घरोघरी हा खेळ पोहोचला. तयार संच आजही मिळतात, परंतु सुताराच्या शीटवर स्वतः कोरलेला ट्रॅक अधिक गुळगुळीत धावतो आणि तो बांधताना मुलांचे महिनाभराचे रविवार सत्कारणी लागतात.

शीट निवडताना आपल्या बेळगाव भागातला पावसाळा विसरू नये. आमचा पहिला ट्रॅक साध्या एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या शीटचा होता. जूनमध्ये तो माळ्यावर ठेवला आणि गणपतीत खाली काढला, तेव्हा शीट होडीसारखी वाकलेली होती आणि खाच काही ठिकाणी इतकी फुगली होती की गाडीची जीभ तिच्यात शिरेना. खानापूर, जांबोटीकडे तर पाऊस बेळगाव शहराहूनही जास्त असतो. म्हणून ओलावा सहन करणारी, एचडीएचएमआर नावाची शीट घ्यावी, जाडी 12 मिलिमीटर, माप नेहमीचे आठ बाय चार फूट, म्हणजे 244 बाय 122 सेंटिमीटर. एका शीटचे वजन तीस किलोच्या आसपास भरते, तेव्हा ती उचलायला दोन मोठी माणसे लागतात. शीटचे दोन तुकडे करून मध्ये बिजागरी लावण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्या जोडावर तांब्याची पट्टी सतत तुटते. शीट अखंडच ठेवावी आणि खेळून झाल्यावर दोन लाकडी पट्ट्यांवर भिंतीला टेकवून उभी करावी, म्हणजे फरशीची ओल तिला लागणार नाही.

आखणी आणि वळणे

हा लेख 1:32 प्रमाणाच्या गाड्यांसाठी आहे. खरी मोटार साडेचार मीटर लांब धरली, तर ही गाडी सुमारे चौदा सेंटिमीटरची होते. पहिल्या ट्रॅकसाठी दोन लेनचा लंबगोल पुरेसा आहे. शीटच्या दोन्ही टोकांना, तिन्ही कडांपासून 61 सेंटिमीटरवर, एकेक मध्यबिंदू घ्यावा. त्या बिंदूंभोवती बाहेरच्या लेनसाठी 49 आणि आतल्या लेनसाठी 40 सेंटिमीटर त्रिज्येची अर्धवर्तुळे काढावीत आणि ती सरळ रेषांनी जोडावीत. दोन लेनमध्ये 9 सेंटिमीटर अंतर मिळते, आणि वळणावर गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाते त्यासाठी कडेला 12 सेंटिमीटर जागा उरते. ही जागा कमी करू नये. गाडी जमिनीवर आपटण्याचे प्रकार याच काटकसरीतून घडतात.

या आखणीत बाहेरची फेरी सुमारे 5.52 मीटर आणि आतली 4.95 मीटर होते, म्हणजे फरक 57 सेंटिमीटरांचा. मुले हा अन्याय पहिल्याच शर्यतीत ओळखतात. कितीही वाकडीतिकडी वळणे घातली, तरी ट्रॅक स्वतःला ओलांडत नसेल तर हा फरक तेवढाच राहतो, कारण तो वळणांच्या संख्येवर अवलंबून नसून दोन लेनमधल्या अंतरावर अवलंबून असतो: 9 गुणिले 2 गुणिले 3.14. सातवी-आठवीच्या मुलाला हे दोऱ्याने मोजून पाहायला लावावे. शर्यतीत उपाय सोपा आहे, निम्म्या फेऱ्यांनंतर लेन बदलावी.

थोडी हिंमत असेल तर एका बाजूची सरळ रेषा आत वाकवून घ्यावी. आमच्या मुलांनी त्या वळणाला कणकुंबी नाव दिले आहे, कारण गोव्याला चोर्ल्यामार्गे जाताना त्यांच्या पोटात तिथून पुढेच ढवळायला लागते.

खाच कोरणे

खाच 3 मिलिमीटर रुंद आणि 7 ते 8 मिलिमीटर खोल हवी. सुताराला सांगताना एक सूत रुंद, अडीच सूत खोल असे सांगितले की तो लगेच समजतो. काम राउटरचे, म्हणजे फिरत्या पात्याने लाकडात खाच पाडणाऱ्या विजेच्या हत्याराचे आहे आणि ते मोठ्यांनीच करावे. 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ज्या बेळगावात सायकलचे दुकान थाटले, तिथे हत्यार चालवणारा माणूस शोधत हिंडावे लागत नाही. स्वतःकडे राउटर नसेल तर ओळखीच्या सुताराला किंवा उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला असलेल्या शेजाऱ्याला विचारावे. संगणकावर चालणाऱ्या यंत्राने दारावरची जाळी कोरून देणारे सीएनसीवालेही हे काम करू शकतात.

राउटरच्या तळाला प्लायची लांब पट्टी स्क्रूने बसवावी आणि तिला पात्यापासून 49 आणि 40 सेंटिमीटरवर भोके पाडावीत. मध्यबिंदूवर खिळा ठोकून त्यात पट्टी अडकवली की राउटर कंपाससारखा फिरतो. सरळ भागासाठी शीटवर लाकडी पट्टी क्लॅम्पने आवळून तिच्या कडेने राउटर न्यावा, आणि आत वाकवलेल्या भागासाठी लवचिक पीव्हीसी पट्टी बारीक खिळ्यांनी बसवावी. खाच एकाच दमात पूर्ण खोल करू नये. तीन वेळा फिरवून, दर वेळी अडीच मिलिमीटर उतरावे. घाई केली तर पाते तापते, खाचेच्या कडा करपतात आणि तीन मिलिमीटरचे बारीक पाते मोडते. भुसा अत्यंत बारीक असतो, म्हणून हे काम अंगणात, मास्क लावून आणि मुलांना लांब ठेवून करावे.

मुलांचे काम इथून सुरू होते. त्यांनी 220 नंबरच्या पॉलिश पेपरने पृष्ठभाग घासावा, आणि मग मॅट अ‍ॅक्रिलिक इमल्शनचे दोन हात रोलरने द्यावेत. चकचकीत ऑइल पेंट नको, त्यावर टायर घसरतात. शीटच्या खालच्या बाजूलाही रंग द्यावा, कारण एकच बाजू रंगवली तर दोन्हीकडे ओलावा सारखा शोषला जात नाही आणि शीट वाकते. रंग वाळल्यावर जुन्या हॅक्सॉ ब्लेडने खाचेत साचलेला रंग खरवडून काढावा.

तांब्याची पट्टी आणि वीज

चिकट पाठीची, सहा मिलिमीटर रुंद तांब्याची पट्टी खाचेच्या दोन्ही बाजूंना, कडेला अगदी लागून चिकटवावी. दोन लेनना मिळून 21 मीटर लागते, चुका धरून 25 मीटर आणावी. वळणावर पट्टी एका हाताने हलकी ताणत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दर दोन-तीन सेंटिमीटरला दाबत न्यावी. आतल्या कडेला बारीक सुरकुत्या पडतात, त्या चमच्याच्या पाठीने घोटून सपाट कराव्यात. जिथे पट्टी संपून नवी सुरू होते तिथे केवळ एकीवर एक चिकटवून भागत नाही, कारण मधला गोंद वीज नीट जाऊ देत नाही. तो जोड सोल्डर करावा आणि वर आलेला थेंब कानशीने सपाट करावा. गाडी एकाच जागी अडखळत असेल तर दहापैकी नऊ वेळा दोष अशाच जोडात सापडतो.

प्रत्येक लेनला वेगळा, शॉर्टसर्किटपासून संरक्षण असलेला 12 व्होल्टचा अडॅप्टर द्यावा. एकाच अडॅप्टरवर दोन्ही गाड्या चालवल्या तर एक घसरली की दुसरीचा वेग बदलतो. घरातली 230 व्होल्टची वीज अडॅप्टरच्या आतच राहिली पाहिजे, ट्रॅकखाली तिची एकही वायर नेऊ नये. इन्व्हर्टरची बॅटरी थेट जोडणे धोक्याचे आहे, कारण पट्टीवर चमचा जरी पडला तरी तिच्यातून प्रचंड प्रवाह वाहतो.

अडॅप्टरची धन वायर कंट्रोलरमधून एका पट्टीला आणि ऋण वायर दुसऱ्या पट्टीला जाते. गाडी उलटी धावली तर दोन्ही वायरींची अदलाबदल करावी. चांगल्या कंट्रोलरला तिसरी वायर असते: घोडा सोडताच ती दोन्ही पट्ट्या एकमेकींना जोडते, फिरणारी मोटार क्षणभर जनित्र बनते आणि गाडीला ब्रेक लागतो. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी मात्र इतके काही लागत नाही. व्होल्टेज कमी करणारे छोटे मॉड्यूल लावून ते सहा-सातवर आणावे आणि कंट्रोलरऐवजी दारावरच्या बेलचा पुश बसवावा. दाबले की गाडी पळते, सोडले की थांबत जाते, आणि एवढ्या वेगात ती वळणावर सहसा उडत नाही. मोठ्यांनी या वयात व्होल्टेज वाढवण्याची घाई करू नये. गाडी सारखी उचलून ठेवावी लागली की लहान मूल दहा मिनिटांत कंटाळते.

गाडी धावती ठेवणे

तयार गाड्यांच्या पोटात चुंबक असतो. प्लास्टिकच्या तयार ट्रॅकच्या लोखंडी पट्ट्यांना तो गाडी धरून ठेवतो, पण तांब्यावर त्याचा काही उपयोग होत नाही. तो काढून त्याऐवजी तळाला, जिभेच्या मागे आणि दोन्ही बाजूंना, छोटे लोखंडी वायसर चिकटवावेत. पाच ग्रॅमपासून सुरुवात करून एकेक वाढवत जावे आणि प्रत्येक बदलानंतर दहा फेऱ्या मारून पाहाव्यात. शिशाचे वजन मुलांच्या हाताशी ठेवू नये. टायर एकसारखे गोल नसतील तर मागच्या चाकांखाली पॉलिश पेपर धरून गाडी हळू वेगात जागच्या जागी फिरवावी. अर्ध्या मिनिटात रबराची काळी भुकटी पडते आणि चाक जमिनीवर पूर्ण टेकू लागते.

पावसाळ्यात तांबे काळवंडते. खेळण्याआधी मुलांनी कंपासपेटीतल्या खोडरबराने पट्ट्या पुसाव्यात आणि मग कोरडे फडके फिरवावे. शर्यतीत दोघे खेळत असताना उरलेल्या मुलांना वळणांवर बसवावे आणि घसरलेली गाडी खाचेत परत ठेवण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. दर दहा फेऱ्यांनी जागा बदलल्या की आमच्या घरी त्या कामासाठीही भांडण होते, विशेषतः कणकुंबीच्या वळणावर बसण्यासाठी.