नऊ हजार शॉटमध्ये आठ क्युबिट कसे मोजावेत

आठ क्युबिटची (क्वांटम संगणकाच्या बिटची) अवस्था पूर्ण मोजायची तर ६,५६१ मांडण्या लागतात, कारण प्रत्येक क्युबिट तीन अक्षांवर मोजावा लागतो. इन्सब्रुकच्या गटाने २००५ मध्ये आठ आयनांवर (विद्युतभारित अणूंवर) ते करून दाखवलं: प्रत्येक मांडणीत १०० प्रयोग, एकूण ६,५६,१०० मोजमापं, दहा तास. एवढा खटाटोप क्वचितच लागतो. बहुतेकदा एकेका क्युबिटची आणि जोड्यांची सरासरी मूल्यं पुरतात. आठ क्युबिटना ती २७६ भरतात. त्यासाठी ‘क्लासिकल शॅडो’ ही पद्धत (हुआंग, कुएंग, प्रेस्किल, २०२०) वापरा.

दर शॉटला (प्रयोगाच्या एका फेरीला) प्रत्येक क्युबिटचा अक्ष एक्स, वाय, झेडमधून चिठ्ठी टाकून निवडा. झेड थेट मोजा. एक्ससाठी आधी एच गेट (क्युबिटवर करायची एक क्रिया) लावा. वायसाठी एस-डॅगर (एस गेटची उलट क्रिया), मग एच. एस-डॅगरऐवजी एस पडला तर वायची चिन्हं उलटतात आणि बाकी सगळं बिनचूक दिसतं, म्हणून शंका येत नाही. आधीच तपासा: ० वर एच, मग एस लावून वायवर मोजलं की ०च यायला हवा.

निवडलेले अक्ष आणि आलेले बिट, दोन्ही साठवा. किस्किटमध्ये (आयबीएमच्या क्वांटम सॉफ्टवेअरमध्ये) क्युबिट ० सर्वांत उजवीकडे असतो. इथे हमखास घोळ होतो.

आता हिशेब. क्युबिट १चा झेड आणि ३चा एक्स यांचं एकत्र मूल्य हवंय. त्या शॉटमध्ये १ झेडवर, ३ एक्सवर मोजला असेल आणि बिट ०, १ आले असतील तर ३ × ३ × (+१) × (−१) = −९ लिहा (प्रत्येक क्युबिटला ३; बिट ०ला +१, १ला −१). अक्ष जुळले नाहीत तर शून्य. शेवटी सर्व शॉटची सरासरी. जुळणी नवातून एकदा होते, म्हणजे ९,००० शॉटमध्ये सुमारे १,०००. त्रुटी साधारण ०.०३. तोच डेटा सगळ्या २७६ मूल्यांना चालतो.

तिघांच्या गटाला जुळणी सत्ताविसातून एकदाच, आणि आठही एकत्र हवे असतील तर ६,५६१तून एकदा. त्यामुळे जीएचझेड अवस्थेची (सगळे क्युबिट एकत्र ० किंवा एकत्र १ अशा गुंतलेल्या अवस्थेची) फिडेलिटी, म्हणजे ती अपेक्षित अवस्थेच्या किती जवळ आहे, हे यातून काढू नका. तिला नऊच मांडण्या पुरतात: एक झेडची, आणि एक्स-वाय प्रतलात सर्व क्युबिट एकाच कोनात फिरवून २२.५ अंशांच्या अंतराने आठ.

वाचनातली चूकही धरा. २ टक्के बिट उलटत असतील तर जोडीचं मूल्य ०.९६ × ०.९६, म्हणजे ०.९२ पट दिसतं, तेवढ्याने भागा. सुपरकंडक्टिंग चिपवर १चा ० जास्त होतो, म्हणून हा भागाकार चुकतो. मोजण्याआधी निम्म्या वेळा, यादृच्छिकपणे, एक्स गेट (०चा १, १चा ० करणारा) लावा आणि नंतर त्या वेळी आलेला बिट उलटा करा. मग चूक दोन्हीकडे सारखी होते. कॅलिब्रेशन (ही चूक किती ते मोजणं) मात्र त्याच दिवसाचं हवं.