लिनक्स कर्नलला पहिला पॅच पाठवताना

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि पॅच म्हणजे त्याच्या कोडमध्ये सुचवलेला बदल. एका पॅचमध्ये एकच बदल ठेवा. बग काढता काढता शेजारच्या ओळींतल्या स्पेसही नीट कराव्यात असा मोह होतो, तो आवरा. तपासणाऱ्याला पन्नास ओळींतून तुमची कामाची एक ओळ शोधावी लागली, तर तो वैतागणारच.

कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबतच्या टिपणात, काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहा; कोड तर समोर दिसतोच. नुसतं 'बग फिक्स केला' चालत नाही. कधी, काय बिघडत होतं आणि वापरणाऱ्याला काय दिसत होतं, ते सांगा. खाली 'साइन्ड-ऑफ-बाय'ची ओळ हवीच. हा कोड देण्याचा हक्क मला आहे, अशी ती ग्वाही असते. २००४ पासूनची पद्धत. बदल नोंदवणाऱ्या गिट या साधनाच्या 'गिट कमिट' कमांडला '-s' (लहान लिपीतला एस) जोडलं की ती आपोआप येते.

पाठवण्याआधी पॅचमधल्या चुका दाखवणारी 'चेकपॅच' स्क्रिप्ट चालवा. कुणाला पाठवायचं ते 'गेट मेंटेनर' ही स्क्रिप्ट सांगते. पॅच ईमेलने जातो, पण जीमेलच्या वेबपानात तो चिकटवू नका, टॅबच्या स्पेस होतात आणि तो लागतच नाही. 'गिट सेंड-ईमेल' वापरा. उत्तर आलं नाही, तर निदान आठवडाभर थांबून मगच आठवण करा.