पालक-मेथी: आधी पान उलटा, पंप नंतर भरा

मंडळी, परतीचा पाऊस चालू आहे, आभाळ भरून राहतंय, आणि तंबाखूवरच्या अळीला (स्पोडोप्टेरा म्हणतात ती) हेच वातावरण पाहिजे असतं. त्यात शेजारची सोयाबीन काढायला आली की तिथल्या अळ्या बांध ओलांडून तुमच्या हिरव्या वाफ्यात घुसतात. हा आठवडा अजिबात ढिलाई नको.

पालक, चुका, माठ, मेथी, वाफेच्या वाफे चाळणी झालेले दरवर्षी बघतोय, कारण एकच, पानाची खालची बाजू कुणी बघतच नाही. मादी पतंग रात्री पानाखाली पुंजक्यात अंडी घालते, एकेका पुंजक्यात दोनशे-तीनशे, वर स्वतःचे भुरकट केस चिकटवते, म्हणून मळका कापूस चिकटल्यासारखं दिसतं. तीन-चार दिवसांत अळ्या निघतात आणि सुरुवातीला सगळ्या त्याच पानावर बसून हिरवा भाग खरवडतात, पान पांढरट जाळीदार होतं. तेव्हा ते एक पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की शेकडो अळ्या संपल्या, खर्च शून्य! तेवढं राहिलं की त्या पांगतात, दिवसा मातीत ढेकळाखाली लपतात आणि रात्री खातात. सकाळी भोकं दिसतात, अळी दिसत नाही, मग माणूस थेट दुकानात.

दुकानात दोन औषधं आणि वर एक टॉनिक हातात देतात. अहो, पालक तीस-पस्तीस दिवसांत कापायला येतो, मेथी त्याच्याही आधी, मग औषधाचा काढणीपूर्व काळ (फवारणी ते काढणी यात सोडायचे दिवस) बसवणार कुठं? लेबलवर तुमच्या भाजीचं नाव नसेल तर ती बाटली घेऊच नका. टॉनिकनं अळी मरत नाही.

फवारायचंच तर निंबोळी अर्क ५ टक्के: ५ किलो निंबोळी पावडर १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, २०० ग्रॅम धुण्याची पावडर वेगळी विरघळवून त्यात घाला, एकूण १०० लिटर करा आणि त्याच दिवशी संपवा. परसबागेला अर्धा किलोत १० लिटर होतं. अळ्या बारीक असतील तर बीटी पावडर (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) १ ते २ ग्रॅम लिटरला, संध्याकाळीच, उन्हात तिचा जोर जातो. जवळ तुती, रेशीमकिडे असतील तर बीटी नकोच, तेही मरतात. काहीही फवारा, नोझल खालून वर धरा, पानाची खालची बाजू भिजली पाहिजे.

माझा एक अंदाज, पुस्तकात असेल-नसेल: घराच्या बल्बखालच्या वाफ्यात पुंजके आधी सापडतात. तपासणी तिथून सुरू करा.

बाकीची कामं:
- कडेनं एरंडीची थोडी झाडं, पतंग अंडी तिथं जास्त घालतात. पण ती पानंही रोज बघायची
- कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे), एकरी दोन-तीन
- वाफ्यातलं तण, जुनी पानं बाहेर
- कापणीनंतर हलकी खुरपणी, कोष वर येतात, पक्षी खातात

अळ्या मोठ्या झाल्याच असतील तर अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन हातानं वेचा, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दहा मिनिटं नुसती पानं उलटत वाफ्यातून फिरा, नवीन पुंजके निघतच राहतात.