आकडीचं औषध आणि लेकराचा थकवा: या चुका टाळा

“भाऊ, औषध लागू पडलं बघा. आकडी थांबली, लेकरू दिवसभर शांत झोपतंय.” सोलापुरातल्या माझ्या औषधाच्या दुकानात एप्रिलच्या भर दुपारी एक आई आली आणि रिकामी बाटली काउंटरवर ठेवत म्हणाली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, चार दिवस पोर नीट जेवलं नव्हतं, दोनदा उलटीही झाली होती. तिला वाटलं, ऊन लागलं असेल. इथला उन्हाळाच असा की कुणालाही तसंच वाटावं.

बाटली व्हॅल्प्रोएट या आकडीच्या औषधाची होती. दुसरी बाटली काढण्याआधी मी तिला डॉक्टरांना फोन लावून दिला. अशी सुस्ती औषधाचा त्रासही असू शकते; तिला आराम समजणं ही माझ्या पाहण्यातली सगळ्यात मोठी चूक.

आपल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारीक भाग ऊर्जा तयार करतात. मेंदू, यकृत आणि स्नायूंना ती फार लागते. व्हॅल्प्रोएट हे मुळात एक मेदाम्लच, म्हणजे चरबीच्या घटकासारखं, आहे, त्यामुळे शरीर त्याचा काही भाग मायटोकॉन्ड्रियातच हाताळतं. त्यात कार्निटिन, म्हणजे चरबी मायटोकॉन्ड्रियात पोचवणारं द्रव्य, खर्ची पडतं आणि चरबी जाळून ऊर्जा मिळवण्याचं काम मंदावतं. बहुतेक मुलांना हे सहज झेपतं आणि औषध त्यांची आकडी उत्तम आवरतं, म्हणून घाबरून जाऊ नका. जास्त धोका आहे तो ज्यांच्या मायटोकॉन्ड्रियात जन्मापासूनच दोष आहे त्यांना. त्यातही पीओएलजी या जनुकात दोष असेल तर यकृत निकामी होऊन जीव जाऊ शकतो. अमेरिकेत व्हॅल्प्रोएटच्या अधिकृत माहितीपत्रकात हा ठळक इशारा आहे. दोन वर्षांखालच्या मुलात अशा आजाराचा नुसता संशय असला तरी हे औषध द्यायचं नाही, असं त्यात म्हटलंय.

म्हणूनच घरातली माहिती लपवू नका. हा दोष बहुधा आई आणि वडील दोघांकडून येतो, आणि मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडं काही नवं नाही. डॉक्टरांनी “नात्यात लग्न झालंय का?” असं विचारलं की सासूबाई पटकन “नाही हो” म्हणून मोकळ्या होतात. थोरलं भावंड आकडी येऊन किंवा कावीळ होऊन गेलेलं असतं, तेही कुणी सांगत नाही. बाळानं मान उशिरा धरली, शिकलेल्या गोष्टी बाळ विसरलं, साध्या तापानंतर एकदम खालावलं, हे सगळं औषध सुरू होण्याआधीच सांगा. डॉक्टर मग दुसरं औषध निवडू शकतात.

दुसरी चूक रिपोर्टची. एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणजे सगळं ठीक, असं नाही. यकृताच्या तपासण्या चांगल्या असतानाही रक्तातला अमोनिया हा टाकाऊ पदार्थ वाढून मूल गुंगीत जाऊ शकतं. त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते. तो नमुना बर्फात ठेवून लगेच लॅबमध्ये पोचवावा लागतो, नाहीतर आकडा उगाच जास्त दिसतो. सोबत टोपिरामेट हे आकडीचं दुसरं औषध चालू असेल तर अमोनियाकडं जास्तच लक्ष हवं.

तापात ॲस्पिरिन देऊ नका. मापाचं टोपण सोडून घरातल्या चमच्यानं औषध देऊ नका. मायटोकॉन्ड्रियाचा आजार असलेल्या मुलाला उपाशी ठेवायचं नाही, मग घरात कसलाही उपास असो. आणि हा लेख वाचून गोळी मनानं बंद करू नका. एकदम बंद केली की आकडी इतकी चढू शकते की थांबता थांबत नाही.

मुलाला हा आजार असल्याचं ठरलं असेल तर फाईलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: “मायटोकॉन्ड्रियाचा आजार आहे. व्हॅल्प्रोएट देऊ नये.” रात्री दोनला आकडी आली की ड्युटीवर नवे डॉक्टर असतात. आकडी थांबवायला शिरेतून जी औषधं देतात त्यात व्हॅल्प्रोएटही असतं, आणि तेव्हा चाळीस पानं चाळायला कुणालाच वेळ नसतो.