जलरंगात कोकणातलं कौलारू घर कसं रंगवावं

या चित्राचा जीव पडवीतल्या सावलीत असतो. ती लावायची शेवटी, पण तिची जागा पहिल्या रेषेपासून ठरलेली हवी.

३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) खरखरीत कागद, ११ × १५ इंच, चारी बाजूंनी टेपने चिकटवून घ्या. १२ आणि ६ नंबरचे गोल ब्रश, पाण्याची दोन भांडी. रंग पाचच: येलो ऑकर, बर्न्ट सिएना, लाइट रेड, अल्ट्रामरीन, सॅप ग्रीन.

रेखाटन हलक्या हाताने करा. नवशिके भिंती उंच काढतात आणि घर शहरी बंगल्यासारखं दिसतं. कोकणात छप्पर खूप खाली उतरतं, भिंत थोडीच दिसते. ऊन कुठून येतंय त्याचा बाण टेपवर काढून ठेवा. वृंदावनाची उन्हातली बाजू, दोरीवरचं धोतर कोरं सोडा.

आकाशाचा कागद ओला करून पातळ अल्ट्रामरीन वरून खाली फिकट करत आणा. पूर्ण वाळू द्या.

छपराला लाइट रेड आणि बर्न्ट सिएना. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, ओला असतानाच मधूनमधून अल्ट्रामरीन सोडा, पावसाने काळवंडलेली कौलं आपोआप उमटतात. वाळल्यावर उताराच्या दिशेने मोजक्याच तुटक रेषा द्या. एकेक कौल काढत बसलात तर छप्पर सपाट होतं. जांभ्याच्या भिंतीला ऑकर आणि सिएना, जोत्याजवळ जास्त लाल, कारण पावसात तिथे मातीचे शिंतोडे उडतात. मागच्या झाडांच्या हिरव्यात थोडा सिएना हवाच.

वॉशची चमक गेली की हात आवरा. अर्धवट वाळलेल्या जागी ओला ब्रश लागला की नवं पाणी रंगकण कडेला ढकलतं आणि डाग कायमचा बसतो. हाताची मागची बाजू कागदाला लावून पाहा, गार लागला तर तो अजून ओला आहे. पावसाळ्यात याला बराच वेळ लागतो.

आता सावली. अल्ट्रामरीनमध्ये थोडा बर्न्ट सिएना, निळ्याकडे झुकता, भरपूर कालवून घ्या. मोठ्या ब्रशने पडवीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, खांब आणि दारावरूनही, एकाच दमात न्या. परत ब्रश फिरवलात तर खालचा रंग उठून सगळं गढूळ होतं. ओल्या सावलीत जमिनीलगत सिएनाचा एक थेंब सोडा: अंगणातलं ऊन परावर्तित होऊन आत येतं, ती ऊब तिथे दिसायला हवी.

सावली वाळल्यावर दाराच्या आतला काळोख ६ नंबरने भरा. टेप सगळ्यात शेवटी, बाहेरच्या बाजूला तिरपी ओढून काढा; कागद ओला असेल तर त्याचा पापुद्रा टेपबरोबर येतो.